फुल्टनचें महाविद्यालय

अमेरिकेंतील सेंट लुई शहराहून पश्चिमेस सुमारें शंभर मैल गेलें म्हणजे फुल्टन हें गांव लागतें. वस्ती बारा-तेरा हजारांची. येथील वेस्टमिन्स्टर महाविद्यालय १८५१ सालचें. याच्याच व्यायामशाळेंत ५ मार्च १९४६ रोजीं चर्चिलसाहेबांनीं ‘लोखंडी पडदा’ हा शब्दप्रयोग जगाच्या तोंडीं घातला. त्या वेळीं ते पंतप्रधानपदीं नव्हते. महाविद्यालयाच्या अध्यक्षांनीं निमंत्रण लिहिलें. ट्रूमनसाहेबांच्या पदरीं असलेले एक सेनाधिकारी येथील जुने विद्यार्थी, त्यामुळें तें थेट राष्ट्राध्यक्षांच्या हातीं पडलें. आणि ट्रूमन पडले मिसूरीचे, त्यांनीं खालीं स्वहस्तें शिफारशीच्या दोन ओळी जोडल्या. वशिला सर्वत्र सारखाच म्हणावयाचा!

आवारांत एक अपूर्व वास्तु आहे. १६६६ च्या आगीनंतर रेन या स्थपतीनें लंडनमध्यें बांधलेलें चर्च १९४० च्या डिसेंबरांत जर्मन बाँबहल्ल्यांत जळालें. त्याचे सुमारें सात हजार दगड समुद्रापार आणून येथें पुन्हां रचले; १९६९ सालीं तें सिद्ध झालें. शेजारीं बर्लिनच्या भिंतीचे आठ तुकडे उभे आहेत. चर्चिलांच्या नातीनें त्यांतून स्त्री-पुरुषाकृति कोरून आरपार वाट केली आहे. १९९२ च्या मे महिन्यांत गोर्बाचेव्ह येथेंच येऊन बोलले.

माझ्या धाकट्या बंधूंची नात येथें परराष्ट्रसंबंध व राष्ट्रसंरक्षण हे विषय शिकते. “राजनीति शिकावयाची तर राजधानींत; आडगांवीं कोण शिकविणार?” असा बंधूंचा आक्षेप, आणि पुढील दोन वर्षांचा खर्च त्या आक्षेपाशीं अडलेला. म्हणून व्यायामशाळेसमोर मीं तिला मुद्दाम विचारिलें, “या भाषणाचा एवढा गौरव चालतो, तुला त्यांत कांहीं खटकलें का?”

ती म्हणाली, “आजोबा, आम्हां पंधराजणांना एकेक देश वांटून दिला होता, आणि त्या देशांतून हें भाषण वाचावयाचें होतें. मीं आपला देश मागून घेतला. साम्राज्यांतील नागरिक भोगतात तें स्वातंत्र्य अन्य कित्येक देशांत नाहीं, असें ते येथें म्हणाले. तुम्ही तारखा पाहा. मुंबईस आरमाराच्या खलाशांचा उठाव १८ फेब्रुवारीस झाला. मध्यें पुरते तीन आठवडेहि नाहींत!”

“मग तुमचे अध्यापक काय म्हणाले?”

“म्हणाले, रशियाविषयींचें त्यांचें म्हणणें एवढ्यानें खोटें ठरतें का, तें लिहून आणा. तें फार अवघड गेलें.”

हा प्रश्न मला मोठा मार्मिक वाटला. मोठ्या शहरांतील शेंकडों विद्यार्थ्यांच्या वर्गांत असा प्रश्न एकेकाला घालून त्याचें उत्तर कोण तपासणार?

पुढें चर्चच्या पायरीवर बसून तिनें मला कौटिल्याच्या षाड्गुण्यांतील ‘आसन’ विचारिलें. तिच्या इंग्रजी भाषांतरांत ‘स्वस्थ बसणें’ एवढेंच होतें. स्ववृद्धीसाठीं थांबणें निराळें आणि उपाय न योजितां उपेक्षा करणें निराळें, असा भेद कौटिल्य करतो, हें मीं सांगितलें. त्यावर, १९४६ मध्यें अमेरिका यांतील कोणतें करीत होती, यावर आमचा वाद जुंपला तो दिवेलागणीपर्यंत. तिनें मला दोनदां निरुत्तर केलें.

बंधूंना खर्च पाठविण्याविषयीं कळविलें आहे. मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केलेले कांगले यांच्या अर्थशास्त्राचे तिन्ही भाग माझ्या कपाटांत आहेत. ते तिला पाठवावयाचे आहेत.