चुसणीने गप्प झालेले बाळ

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सिहोऱ्याला माहेरी आली. तुमसरला प्रसूती झाली आणि अल्लाहच्या कृपेने नातू सुखरूप घरी आला. सातव्या दिवशी अकीका झाला. घरात पाहुणे, आणि बाळ सारखे रडत होते. ‘आत्ताच तर पाजले, पुन्हा भूक कशी?’ असे म्हणत मी बाजारातून चुसणी आणली. तोंडात दिली की बाळ शांत. मुलीलाही झोप मिळते, याचे मला समाधान वाटे. “अम्मी, छाती भरून दुखते,” असे ती म्हणाली, तेही मी मनावर घेतले नाही.

चौदाव्या दिवशी आशाताई वजनकाटा घेऊन आल्या. जन्मावेळी बाळ २ किलो ८०० ग्रॅम होते; आता भरले २ किलो ६५०. त्यांनी विचारले, “दिवसरात्रीत किती वेळा पाजता? लघवी किती वेळा होते?” मुलगी माझ्याकडे पाहू लागली. पाजणे सहा वेळांवर आले होते. एवढ्या बाळाला ८ ते १२ वेळा दूध लागते, आणि लघवी निदान ६ वेळा व्हायला हवी.

ताईंनी समजावले, रडण्याच्या आधीच बाळ भूक सांगते. मूठ तोंडाशी नेते, मान वळवून छाती शोधते. त्या वेळी चुसणी दिली, तर पोटात काहीच जात नाही. शिवाय बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. ओढणे कमी झाले की दूधही कमी होते.

डॉक्टरांना दाखवले. चुसणी बंद केली, मागेल तेव्हा अंगावर पाजले. एकविसाव्या दिवशी वजन २ किलो ९०० भरले, अलहम्दुलिल्लाह!

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपण जाणतोच. दूध तोडायचे तर आईवडिलांनी परस्पर संमतीने व सल्ल्याने ठरवावे, असेही तिथे आहे. मी मात्र बाळाच्या आईला न विचारताच चुसणी आणली होती.

भगिनींनो, चुसणी वाईटच असे नाही. अंगावर पिणे नीट जमले, वजन वाढू लागले, की साधारण तीन-चार आठवड्यांनंतर झोपताना ती द्यायला अनेक डॉक्टरांची हरकत नसते. ती स्वच्छ ठेवा, मध-साखर लावू नका, दोरीने गळ्यात बांधू नका. पण त्याआधी बाळ रडले तर प्रथम आईजवळ द्या. वर्गातले गप्प मूल समजले असेलच असे नाही, हे मी शाळेत रोज पाहते. घरातले गप्प बाळ पोटभर प्यालेले असेलच असेही नाही.