फोनूच्या कर्ण्यातून

गणपतीच्या आधी चार दिवस आजी पडवी शेणाने सारवायची, आणि तिच्या बोटांचे अर्धचंद्र ओल्या जमिनीवर एकापुढे एक उमटत जायचे. ते वाळेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही असा दंडक होता, म्हणून आम्ही पोरं गडग्यावर बसून वाट बघायचो, जमीन वाळायची आणि मुंबईच्या माणसांची. खाली कोळवाड्यात नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्या दर्यात गेलेल्या असत, ओल्या जाळ्यांचा खारट वास वाऱ्याबरोबर पाखाडी चढून आमच्या वाडीपर्यंत यायचा, आणि त्यात सारवणाचा, भिजल्या कौलांचा आणि चुलीवरच्या उकडीच्या तांदळाचा वास मिसळून जो एक वास व्हायचा, तो मला नंतर कुठल्याही शहरात सापडला नाही.

१९६९ च्या गणपतीला दापोलीहून आलेल्या एस्टीच्या टपावरून बाबांनी ट्रंकेच्या आधी एक चौकोनी गाठोडं उतरवून घेतलं. लालबागला गावकीची खोली होती. तिथे वीसेक माणसं गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपायची, आणि खोलीतल्या सगळ्यांनी मिळून चोरबाजारातून एक जुना फोनू, म्हणजे ग्रामोफोन, घेतला होता. तो त्या वर्षी वाडीत यायचा ठरला होता. धोतरात गुंडाळलेला तो फोनू बाबांनी सगळी पाखाडी पोटाशी धरून आणला, आणि पितळी कर्णा मी डोक्यावर घेऊन पुढे चाललो. पावसाचे थेंब त्या कर्ण्यावर टणटण वाजत होते.

रात्री आरती झाल्यावर ग्यासबत्ती खुंटीला टांगली. बाबांनी पत्र्याच्या इवल्या डबीतून सुई काढली, किल्ली फिरवली, आणि कुत्र्याची छाप असलेली काळी तबकडी फिरू लागली. आधी नुसती खरखर आली, वाळल्या पातेऱ्यावरून कोणी चालत यावं तशी, आणि मग त्या खरखरीतून एक खडा, उघडा, पहाडी आवाज बाहेर पडला. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा गळा. 'जय जय महाराष्ट्र माझा' तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. महाराष्ट्र राज्य होऊन नऊ वर्षं झाली होती आणि मी बारा वर्षांचा होतो. महाराष्ट्र म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. नकाशातला तो तुकडा शाळेच्या भिंतीवर होता, पण त्याला असा आवाज असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री तबकडी अकरा वेळा वाजली. शेवटी किल्लीचा जोर सरत आला, शाहिरांचा आवाज जाडा, संथ होत होत विहिरीत उतरावा तसा खाली गेला, आणि बाबा म्हणाले, "आता ऱ्हाऊंदे, त्यांचा पण गळा दमला आसंल."

कितीतरी दिवस मला खरंच वाटायचं, की तो माणूस दमतो.

तो माणूस साताऱ्याकडचा. वाईजवळच्या पसरणी गावी ३ सप्टेंबर १९२३ रोजी कृष्णराव साबळ्यांचा जन्म झाला. पोरवयात खानदेशात अमळनेरला आजोळी राहिले, आणि तिथे साने गुरुजींचा सहवास मिळाला. मला वाटतं त्या सहवासाने त्यांच्या गळ्याचं काय करायचं ते कायमचं ठरवून टाकलं. बेचाळीसच्या चळवळीत ते होते, गुरुजींच्या मंदिरप्रवेशाच्या चळवळीत होते. ज्या गळ्याने आधी लोकांना जागं केलं, त्याच गळ्याने मग लोकांना रिझवलं. मुंबईत 'शाहीर साबळे आणि पार्टी' उभी राहिली तेव्हा गिरणगावातला माणूसच तिचा पहिला प्रेक्षक होता. वगाची लवचीक मोकळीक आणि आजच्या जगण्यावरचं बोट असं दोन्ही घेऊन त्यांनी 'मुक्तनाट्य' आणलं. १९६० साली 'यमराज्यात एक रात्र', १९६६ साली 'आंधळं दळतंय'. राजा मयेकर, सुहास भालेकर अशी नटमंडळी त्यांच्या पार्टीत होती. मुंबईत मराठी माणसाची काय गत झालीय हे 'आंधळं दळतंय' पाहून आलेली माणसं गावी येऊन आम्हाला सांगायची. बाबांना त्यातले संवादच्या संवाद पाठ होते आणि जेवताना हातातला घास तसाच ठेवून ते म्हणून दाखवायचे. भात निवायचा, आजी रागावायची.

आजीची आणि शाहिरांची गाठ मात्र वेगळ्या वाटेने पडली. पुढे काकांनी ट्रान्झिस्टर आणला, आणि एका दुपारी त्यावर शाहिरांच्या आवाजातलं एकनाथांचं विंचवाचं भारूड लागलं. आम्ही पोरं हसून लोळत होतो. आजी हसली नाही. तांदूळ निवडता निवडता तिचे हात सुपातच थांबले. लाल विंचू जांभ्याच्या दगडांत, लाकडाच्या मोळीत, कौलांच्या सांध्यांत लपून बसतो आणि त्याच्या डंखाने पोर रात्रीत जातं, हे कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत होतं. आमच्या घरातलंही एक पोर, माझ्या जन्माआधीचं, तसंच गेलं होतं. त्या डंखावर प्राझोसिनचा उपाय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला तो ऐंशीच्या दशकात, आणि तोवर आमच्याकडे मांत्रिक आणि मिठाचं पाणी एवढंच होतं. भारूड पुढे सरकलं, विंचवाचं विष म्हणजे काम आणि क्रोध असं नाथांनी उलगडलं, शाहिरांच्या आवाजातली थट्टा अलगद गळून गेली आणि खाली जे उरलं ते आजीला कळलं. ती एवढंच म्हणाली, "ह्या बाबाला चावलेला दिसतोय." तेव्हापासून ती त्यांना 'विंचवाचा बाबा' म्हणायची, आणि ते नाव तिच्या तोंडी अतिशय आदराचं होतं.

मी शिकायला मुंबईला गेलो तो १९७५ मध्ये. गावकीच्या त्याच खोलीत, खिडकीखालची वळकटी माझी. कॉलेजात कोकणातल्या पोराला 'बाल्या' म्हणत. कानात बाळी घालून मुंबईत कष्टाला आलेल्या आमच्या आजोबा-पणजोबांवरून पडलेला तो शब्द, आणि आमच्या जाखडीला 'बाल्या नाच' म्हणतात तेही त्यावरूनच. मला त्या शब्दाची लाज वाटू लागली. शिमग्याला गावी जाणं मी टाळू लागलो. आमच्या वाडीचं नमन, पालखीबरोबर घरोघर फिरणारे खेळे, गण, गवळण, काळ्या झग्यातला संकासूर, पहाटेपर्यंत चालणारा मृदंग, हे सगळं मला ओबडधोबड वाटू लागलं. बाबा त्या नमनात मृदंग वाजवायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना गिरणीतल्या कामाने घट्टे पडले होते आणि डाव्या हाताला मृदंगाच्या शाईचा काळा डाग असायचा. कॉलेजच्या दारात ते मला भेटायला आले की मी पटकन त्यांना बाजूच्या गल्लीत घेऊन जायचो. हे आज लिहितानाही हात जड होतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि भोंगे बंद झाले. लालबाग-परळच्या हवेतला कापसाचा, तेलाचा, ओल्या सुताचा वास हळूहळू विरत गेला, आणि गावकीच्या खोलीतल्या वळकट्या एकेक करून कमी होऊ लागल्या. बाबांनीही अखेर गावी जायचं ठरवलं. जायच्या आदल्या आठवड्यात मी दोन तिकिटं काढली, शाहिरांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'ची. वासुदेव, गोंधळी, कोळी, धनगर, महाराष्ट्रभरच्या अंगणांतलं आणि देवळांतलं गाणं-नाचणं उचलून त्यांनी ते एका रंगमंचावर एकापाठोपाठ एक मांडलं होतं. शाहीर तेव्हा साठीच्या घरात होते. फेटा, झब्बा आणि तोच आवाज, फक्त त्याला आता वरून थोडी राख लागली होती, निखाऱ्यावर बसते तशी.

आणि 'पयलं नमन' सुरू झालं.

थिएटरातल्या गार हवेत, मखमली खुर्च्यांमध्ये, अत्तर लावून आलेल्या माणसांसमोर आमचं नमन उभं राहिलं. तेच दिशादिशांच्या देवांना हात जोडणं, तीच गुडघ्यात वाकून घेतलेली गिरकी, तोच पायांचा ठेका. शेजारी बाबा ताठ झाले होते. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं वाजत होती, आधी हळू आणि मग अगदी उघड, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं तरी थांबली नाहीत. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ह्यो तर आपला नमान!" त्यांचे डोळे भरून आले होते. पडदा पडला तेव्हा सगळं थिएटर उभं राहिलं होतं. गावी जिथे मी पालखीमागून लाजून सटकायचो, त्याच नाचाला ही टाळी पडत होती. मी बाबांचा डावा हात, तो शाईचा डाग असलेला, हातात घेतला आणि परळपर्यंत चालत जाताना सोडला नाही. शाहिरांचे माझ्यावर जे उपकार आहेत ते हे आहेत. आमच्याच ओटीवरची वस्तू त्यांनी उचलली, उजेडात धरली आणि आमच्या हातात परत ठेवली.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'लोकधारे'त मागे नाचणारी पोरं, अंकुश चौधरी, भरत जाधव, पुढे मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर नावारूपाला आली, आणि नातू केदार शिंदे याने २०२३ मध्ये आजोबांवर 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट काढला, त्यात शाहीर झाले ते अंकुशच. मुलगा देवदत्त यांनी 'ही चाल तुरुतुरु'सारखी मऊ, शहरी चाल बांधली, तीही आम्ही आमच्या तरुणपणी गुणगुणलो आहोत, आणि बापाच्या डफाजवळ वाढलेल्या मुलाने इतकी वेगळी वाट धरावी याचं मला फार कौतुक वाटतं. 'माझा पवाडा' या नावाचं शाहिरांचं आत्मचरित्र माझ्याकडे आहे. २० मार्च २०१५ ला शाहीर गेले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. मी गावी होतो. बाबा तेव्हा हयात होते, थकले होते. त्यांनी गुढी उभारायला लावली, नेहमीसारखाच कडुनिंबाचा घास खाल्ला, आणि मग माळ्यावरून फोनू काढायला सांगितला. कर्णा हिरवा पडला होता, किल्ली फिरेना. बाबांनी तबकडी मांडीवर घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि तशीच मला दिली.

आता आमच्या भागात बुरोंडीला जाताना सड्यावर परशुरामाचा मोठा पुतळा लागतो, पर्यटक तिथे थांबून फोटो काढतात, पलीकडे लाडघरच्या किनाऱ्यावर राहायच्या सोयी झाल्या आहेत. आमच्या पडवीत लाद्या बसल्या, आणि खरं सांगायचं तर आईच्या गुडघ्यांना त्या लाद्यांनीच सुख दिलं. नमनाला ग्यासबत्ती नाही, रंगीत दिवे आहेत, कर्कश ध्वनिक्षेपक आहेत. पण गवळणीत पूर्वी लुगडं नेसलेले बाप्येच असायचे, तिथे आता मुली नाचतात, आणि कोकणात बायकांची स्वतःची नमन मंडळं झाली आहेत. माझ्या आजीला हे बघायला मिळायला हवं होतं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' आपलं राज्यगीत आहे. गावच्या शाळेत सकाळी पोरं ते गातात तेव्हा पाखाडीवर उभं राहिलं तरी ऐकू येतं.

ज्यांच्या गावी अजून खेळे निघतात त्यांना माझं एक सांगणं आहे. येत्या शिमग्याला जा, आणि खेळ्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या गाणाऱ्याजवळ बसा. त्याला सगळं नमन गणापासून शेवटापर्यंत म्हणायला लावा आणि तुमच्या फोनवर उतरवून घ्या. आमच्या वाडीतला तो गाणारा मागच्या पावसात गेला. त्याचं अर्धंच उतरवून झालं होतं.