काच ठेवायची जागा

हातातून निसटून फुटलेली काच लोकांच्या लक्षात राहते. तिला आवाज असतो आणि गुन्हेगार जागेवरच सापडतो. पण मी पाहिलेल्या बहुतेक नाजूक वस्तू कुणाच्या हातून गेल्याच नाहीत. कुणी टेबलावरून घरंगळली, कुणी मोरीत पातेल्याखाली आली, कुणाला चुलीजवळ ठेवलं आणि तिच्यावर गार पाण्याचा थेंब उडाला. हात तेव्हा भलतीकडेच होता. काच वापरताना माणूस जपतो. वापरून झाली की तिला कुठं ठेवलं हे त्याला आठवतही नाही.

याचं शिक्षण घ्यायला कोडोलीतून लांब जावं लागत नाही. ऊस आणि म्हैस यांवर उभं असलेलं हे गाव. एका अंगाला पन्हाळा-जोतिबाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वारणानगर, तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला साखर कारखाना आणि दूध संघ. सकाळच्या धारा झाल्या की माणसं किटल्या घेऊन दूध संस्थेच्या दारात येतात. तिथं त्यांचा निवाडा कितीतरी वर्षं एका वीतभर काचेच्या नळीनं केला. तिचं नाव लॅक्टोमीटर. गावाच्या तोंडी नुसती ‘डिग्री’.

नळीची घडण बघण्यासारखी आहे. खाली फुगा, फुग्याच्या तळाशी शिशाचे छर्रे, वर काडीएवढी बारीक मान आणि मानेच्या आत गुंडाळलेली आकड्यांची कागदी पट्टी. दुधात सोडली की उभी तरंगते. दूध दाट असेल तर वर राहते, पाणी मिसळलेलं असेल तर खोल जाते. गाईचं चांगलं दूध 28 ते 30 दाखवतं, म्हशीचं 30 ते 32. घरगुती वापराच्या साध्या नळीवर तर आकड्यांचीही भानगड नसते. वरच्या टोकाला पाण्याचा डब्ल्यू आणि खाली दुधाचा एम, एवढ्यावर काम भागतं. इसवी सन 400 च्या आसपास सिनेसियस नावाच्या एका आजारी माणसानं आपली गुरू हायपेशिया हिला पत्र लिहून असंच तरंगणारं उपकरण बनवून मागितलं होतं. म्हणजे द्रवात काहीतरी सोडून त्याच्या बुडण्यावरून खरंखोटं ठरवायची माणसाची खोड जुनीच.

ही नळी फुटते कशी? दुधात जपून सोडतात, म्हणून तिथं सहसा फुटत नाही. बाहेर काढल्यावर थर्मामीटर झटकावा तशी ती झटकायची सवय असते. झटकताना मान कॅनच्या कडेला लागते. नाहीतर पुसणारा फडक्यात धरून पीळ देतो आणि मान फडक्यातच राहते. नाहीतर रांग वाढलेली असते, सेक्रेटरी वहीत आकडा लिहायला वळतो आणि नळी टेबलावर आडवी ठेवतो. गोल वस्तू ती. पेन उचलताना टेबल हललं की निघाली. उंच, अरुंद बुडाच्या ज्या भांड्यात दूध घेऊन ती सोडतात, ते भांडंही बाहीचा धक्का लागायची वाटच बघत असतं. त्यावर उपाय इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. टेबलावर जुन्या लुगड्याची चुंबळ ठेवायची आणि नळी तिच्यात. घागरीसाठी हजार वेळा वळलेली ती चुंबळ काचेसाठी मात्र कुणाला सुचत नाही, कारण घागर बाईच्या डोक्यावर असते आणि लॅक्टोमीटर ऑफिसातल्या टेबलावर.

पण सरळ फुटलेल्या नळीचं दुःख मोठं नाही. नवी आणता येते. खरी भीती चरा पडलेल्या नळीची. केसाएवढी फट असते, डोळ्याला दिसत नाही. तिच्यातून थेंब थेंब दूध आत शिरतं, नळी जड होते आणि जास्त बुडते. नाहीतर आतल्या कागदाचा डिंक सुटतो आणि पट्टी थोडी खाली सरकते. दोन्ही वेळेला आकडा कमीच दिसतो. म्हणजे दोष काचेचा आणि पाणी घातल्याचा आळ अख्ख्या गल्लीवर.

“आक्का, डिग्री कमी लागायलीय.”

“माझ्या म्हशीला इचार जा, मला काय इचारतोस?”

अशा वेळी आक्काचं दूध बाजूला ठेवून नळी स्वच्छ पाण्यात सोडून बघावी. पाण्यात ती पाण्याच्या खुणेवर उभी राहिली नाही, तर खोटं कोण बोलतंय ते कळतं. नुकतीच धार काढलेलं कोमट दूधही आकडा कमी दाखवतं. दूध निवलं की तेच दूध इमानदार होतं. आणि उलटीकडून बघितलं तर सगळ्या शहाणपणावर मात करणारा एक डाव आहेच: साय काढली की डिग्री वाढते, मग पाणी घातलं की ती बरोबर जागेवर येते.

तो डाव पकडण्यासाठीच दुधाची फॅट मोजायची. गर्बर पद्धतीच्या काचेच्या ब्यूटिरोमीटरमध्ये 10 मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, 10.75 मिलिलिटर दूध आणि 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट बसवून हलवलं की नळी हाताला चटका देईल इतकी तापते. नंतर मिनिटाला 1100 फेऱ्यांच्या यंत्रात ती गरगरते. तिचं बूच निसटलं तर काचेबरोबर तापलेलं ॲसिड अंगावर येतं. जाणते टेस्टर ती फडक्यात गुंडाळूनच हलवत आणि तोंड माणसांकडे करत नसत. दूध मोजताना फडक्याला इतका मान दुसरीकडे कुठं मिळत नसेल. आता बहुतेक ठिकाणी विजेचं फॅट मशीन आलंय आणि भांडण काचेशी व्हायच्या ऐवजी पडद्यावरच्या आकड्याशी होतं.

काचेचं हे दुखणं दुधापुरतंच नाही. माझा एक भाचा अमेरिकेत घरी बिअर करतो. तिथं 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरापुरती बिअर करायला मोकळीक दिली. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा, आता महाराष्ट्राच्या नावानं, अजून लागू आहे. त्यामुळे त्याचा हा छंद कोडोलीत आणला तर तो गुन्हा ठरेल. त्याच्याकडे जी नळी आहे ती लॅक्टोमीटरची सख्खी बहीण. मोड आणून भाजलेल्या सातूचा गोड रस आंबायला ठेवला की साखरेची दारू होते, रस हलका होतो आणि नळी दिवसागणिक खोल जाते, 1.050 वरून सुरू झालेला आकडा 1.010 च्या आसपास स्थिरावला की काम झालं. तो सांगतो, “मामा, बिअर बिघडत नाही, नळ्याच फुटतात.” उकळता रस थेट भांड्यात ओतून त्यात नळी सोडायची, काम झालं की नळाच्या गरम पाण्याखाली धुवायची, ओट्यावर आडवी ठेवायची. हे ऐकताना मला संस्थेतलं टेबलच दिसत होतं.

त्याच्याकडे आणखी एक भांडं आहे: सुमारे 19 लिटरचा काचेचा मोठा बुधला. रिकामा उचलला तर पाच-सहा किलो, भरला की पंचविशीच्या घरात. ओल्या हातानं, मानेला धरून तो उचलणाऱ्यांच्या हाताला टाके पडलेले आहेत. म्हणून तिथले जाणकार बुधला नेहमी एका चौकोनी प्लॅस्टिकच्या जाळीदार खोक्यात ठेवतात आणि खोक्याच्या कानांना धरून उचलतात. ते खोकं कसलं, विचारा. दुधाच्या पिशव्या-बाटल्यांचा क्रेट! वारणा खोऱ्यातल्या माणसाला याहून जवळचं काय असणार?

तापण्याचं गणित मात्र जरा समजून घ्यायला हवं, कारण उष्णतेनं फुटलेली काच ‘आपोआप’ फुटली असं आपण म्हणतो. काच उष्णता हळू वाहून नेते. आतून गरम पडलं की आतला थर फुगतो, बाहेरचा गारच असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत बाहेरचा थर तडकतो. म्हणून जाड काच जास्त भरवशाची हा समज उलटा आहे. पातळ काच दोन्हीकडून लवकर एकसारखी तापते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच टिकते, कारण ती साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शानंच फुगते.

हे सगळं आपल्या घरांना कंदिलानं शिकवलं होतं. टिळकांच्या काळातल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना निघाला, पुढं ओगल्यांनी कराडजवळ ओगलेवाडी उभी केली, आणि तिथला प्रभाकर कंदील घराघरात टांगला गेला. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पागोळीचा एक थेंब पडला की ‘टण्’. रात्री काच पुसायची नाही, वात एकदम मोठी करायची नाही, हे नियम पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होत. काही घरांत नवी काच गार पाण्यात बुडवून हळूहळू उकळत आणि त्याच पाण्यात निवू देत. काचेतला ताण जायला पाचशे अंशांच्या वरची भट्टी लागते, उकळत्या पाण्याचं ते काम नाही. तरी त्या घरच्या काचा टिकायच्या, हे मी पाहिलंय. ज्या बाईला काच उकळायला सवड असते, ती पुढंही तिच्याशी घाई करत नसावी.

गुऱ्हाळावर मात्र काचेला थारा नाही. काहिलीतला रस 118 अंशांच्या आसपास पोचला की गूळ उतरवायचा. गुळव्या ते थर्मामीटरशिवाय ओळखतो. चिमूटभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, भांड्यावर आपटून आवाज ऐकतो आणि हात वर करतो. न फुटणारं उपकरण पाहिजे असेल तर ते हे. पण ते एका माणसाबरोबर येतं आणि त्याच्याबरोबरच जातं. काच तिथं शिरते ती काकवी न्यायला आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून. गरम काकवी गार बाटलीत ओतली की बूड सुटतं. आधी बाटली कोमट पाण्यानं धुवावी, फरशीवर न ठेवता पोत्यावर ठेवावी, काकवी निवू द्यावी. आणि पातळ राहिलेली काकवी गळ्यापर्यंत भरून बूच ठोकू नये. ती आंबते, वायू धरते आणि एखाद्या दुपारी फडताळात धमाका करते.

या शेवटच्या गोष्टीचं उत्तर लोणच्याच्या बरणीवर कायम बांधलेलं असायचं. पांढऱ्या अंगाची, तपकिरी खांद्याची चिनी मातीची बरणी, तिच्या तोंडावर सुती दादरा. धूळ-माशी आत जात नाही आणि आंबणाऱ्या लिंबाचा श्वास बाहेर जातो. भाच्याच्या बुधल्यावर याच कामासाठी पाणी भरलेली एक वाकडी नळी असते. तीही अर्थात फुटते. दादरा फुटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बाजारात बरणी घेताना आज्जी तिला टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर पिशवीत, बद्द वाजली तर परत. फोडणी पूर्ण निवल्याशिवाय बरणीत जायची नाही, आणि उन्हातली बरणी आत आणली की गार शहाबादीवर न ठेवता पाटावर ठेवायची. भाच्याला मी हे सगळं कळवलं. तो म्हणाला, इथं लोक याच गोष्टींचे व्हिडिओ करतात.

एवढं करूनही नळी फुटतेच. तेव्हा पहिल्यांदा छर्रे गोळा करावेत. जुन्या नळ्यांत ते शिशाचे असतात आणि कोंबड्या ते दाणे समजून टिपतात. तुकडे हातानं न वेचता ओल्या कागदानं किंवा मळलेल्या कणकेच्या गोळ्यानं टिपावेत, नंतर तो गोळा जनावरांपुढे जाणार नाही हे बघावं. आणि काच उकिरड्यात तर अजिबात टाकू नये. उन्हाळ्यात उकिरडा उपसला की खत शेतात जातं, आणि पावसाळ्यात त्याच सरीत बायका भांगलायला बसतात, उघड्या हातांनी. आमच्याकडे फुटक्या काचेसाठी रंगाचा एक रिकामा डबा परड्यात वेगळा ठेवलाय. भरला की भंगारवाला नेतो. पैसे देत नाही, पण नेतो.