आजीची खानावळ, पुन्हा

१९८२ च्या दत्ता सामंतांच्या संपानंतर गिरणगावातले जेवणारे पांगले. आजीने लालबागची खानावळ उचलून मुलुंडला आणली. ती गेली आणि शटर खाली आलं, ते आलंच.

रीडेव्हलपमेंटनंतर गाळा परत मिळाला. सगळे म्हणाले, भाड्याने दे. खरं सांगतो, हिशोबाने तेच बरोबर होतं.

पण खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं तेव्हा हळहळणाऱ्यांत मीही होतो. तिथे शेवटचं कधी जेवलो, ते मात्र आठवत नव्हतं!

सोमवारपासून खानावळ सुरू. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. आणि आजीचा नियम: खिशात पैसे नसतील तर वहीत लिहायचं, उपाशी पाठवायचं नाही.

मंडळी, आठवणी नंतर लिहा. आधी जेवायला या.