गाडी फोनला ओळखेनाशी होते तेव्हा

गणपती गावाला गेले की कार ऑडिओच्या धंद्यात एक वेगळाच हंगाम सुरू होतो. सप्टेंबरात आयफोनचं नवं आयओएस येतं. मागोमाग अँड्रॉइडवाल्या कंपन्यांचे अपडेट एकेका फोनवर उतरू लागतात. दसऱ्याला नव्या गाड्या दारात येतात, दिवाळीच्या सुट्टीत कोकणात किंवा गावी जायचे बेत ठरतात, आणि माझ्या पुण्यातल्या दुकानापुढे गाड्या लागतात. तक्रार ठरलेली असते, "दादा, रात्री अपडेट टाकलं, सकाळपासून फोन गाडीला कनेक्टच होत नाही." पाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला, "सिस्टिम गेली का? नवी केवढ्याला बसेल?"

नवी सिस्टिम विकण्यावर माझं पोट आहे, तरी सांगतो, यातल्या बहुतेक गाड्यांना ती लागत नाही. डब्यात बिघाडच नसतो. फोनचं सॉफ्टवेअर दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतं. गाडी मात्र दहा-पंधरा वर्षं वापरायची असते आणि तिच्यातला स्टिरिओ बहुधा कारखान्यातून निघाला तेव्हाचंच सॉफ्टवेअर घेऊन बसलेला असतो. भांडण या दोन वयांचं आहे. ते नेमकं कुठे अडलंय हे शोधायची एक रीत आहे, आणि ती कळली तर निम्म्याहून अधिक काम घरच्या पार्किंगमध्येच उरकतं.

रीतीचा पहिला भाग असा की ‘कनेक्ट होत नाही’ ही तक्रार मी आहे तशी स्वीकारत नाही. मी विचारतो, फोन आला तर आवाज गाडीतून येतो का? गाणं वाजतं का? गाण्याचं नाव पडद्यावर दिसतं का, स्टिअरिंगवरच्या बटणानं ते पुढे सरकतं का? फोनबुक उतरलंय का? गिऱ्हाइकाला वाटतं मी वेळ काढतोय. पण ब्लूटूथमध्ये या प्रत्येक कामाची नियमावली स्वतंत्र आहे, तिला ‘प्रोफाइल’ म्हणतात. बोलण्यासाठी एचएफपी, गाण्यांसाठी ए-टू-डीपी, बटणं आणि गाण्याच्या नावांसाठी एव्हीआरसीपी, फोनबुकसाठी पीबॅप, मेसेजसाठी मॅप. यातलं एक बंद पडून बाकीची ठणठणीत राहू शकतात. एक निवृत्त गुरुजी आपली जुनी हॅचबॅक घेऊन आले होते. मुलीचे फोन गाडीतून ऐकू येत, अभंग मात्र लागत नव्हते. फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढचं चाक दाबलं, तर ‘कॉल’ चालू आणि ‘मीडिया ऑडिओ’ बंद. एक बटण सरकवलं आणि काम झालं.

फोनबुक उतरत नसेल तर दोष बहुतेक वेळा परवानगीचा असतो. पेअर करताना फोन विचारतो, संपर्क आणि कॉलचा इतिहास या उपकरणाला दाखवू का? घाईत त्यावर नकार दाबला जातो. अपडेटनंतर या परवानग्या एकदा तपासायच्याच. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२पासून तर ब्लूटूथवरून जोडायचं असेल तर ॲपला ‘जवळपासची डिव्हाइस’ नावाची वेगळी परवानगी लागते. ती नसली की ॲप गाडीशी बोलायलाच जात नाही.

आता समजा, काहीच चालत नाही. फोन गाडी दाखवतो, गाडी फोन दाखवते, पण जोडणी होते न होते तोच तुटते. इथे पेअरिंग म्हणजे काय ते समजून घ्यावं. पहिल्यांदा जोडताना दोन्ही यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे साठवतात. दोन व्यापाऱ्यांनी एकच व्यवहार आपापल्या वहीत लिहून ठेवावा, तसं हे असतं. पुढच्या वेळी वह्या जुळल्या तरच दार उघडतं. अपडेटमध्ये फोनच्या वहीतली नोंद बदलली किंवा गेली, तर गाडी जुनीच नोंद पुढे करत राहते. म्हणूनच नुसत्या फोनवरून गाडीचं नाव पुसून भागत नाही. दोन्हीकडून पुसावं लागतं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं.

माझा क्रम असा. आधी गाडीच्या यादीतून फोनचं नाव काढायचं. मग फोनच्या यादीतून गाडीचं नाव काढायचं, आयफोनवर ‘फर्गेट धिस डिव्हाइस’, अँड्रॉइडवर ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’. त्यानंतर दोन्ही बंद करून पुन्हा चालू करायचे आणि मगच नव्यानं पेअर करायचं. गाडीच्या यादीत जुने फोन, ड्रायव्हरचा फोन, भाच्याचा फोन अशी गर्दी झाली असेल तर तीही काढून टाकावी. बऱ्याच स्टिरिओंना मोजक्याच फोनांची नोंद ठेवता येते, यादी भरली की नवा फोन घेताना ते अडतात. घरातला दुसरा फोनही पाहावा. बाल्कनीखाली गाडी उभी असते, वर घरात बाईंचा फोन असतो आणि गाडी तोच पकडून बसते. साहेब खाली अपडेटला शिव्या देत असतात.

‘गाडी बंद करून चालू करा’ असं मी सांगतो तेव्हा नुसतं इग्निशन फिरवून चालत नाही. नव्या गाड्यांत पडदा काळा झाला तरी आतला संगणक काही वेळ अर्धवट जागा असतो. दारं लॉक करून, चावी बरोबर घेऊन दहा-पंधरा मिनिटं लांब जावं. बऱ्याच सिस्टिमांत आवाजाचं किंवा पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ती नव्यानं सुरू होते. कुठलं बटण, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बॅटरीची तार काढणं हा उपाय मात्र स्वतः करू नये. घड्याळ जातं, काही गाड्यांच्या काचांची सेटिंग जाते, आणि काही जुन्या रेडिओंना त्यानंतर कोड दिल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

घड्याळ गेलं तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पण फोनचे नकाशे, गाणी गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या अँड्रॉइड ऑटोमध्ये फोन आणि गाडी एकमेकांची डिजिटल प्रमाणपत्रं तपासतात, आणि प्रमाणपत्राला मुदत असते. गाडीच्या घड्याळात वीस वर्षांपूर्वीची तारीख पडली असेल तर ही तपासणीच फसते आणि फोन नाकारला जातो. इथे बाहेरून बसवलेल्या सिस्टिमांच्या वायरिंगचा प्रश्न येतो. पिवळी वायर कायम बारा व्होल्टची, तिच्यावर सिस्टिमची स्मृती चालते. लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होते, काळी अर्थिंगची. कुणी पिवळीही लालबरोबर चावीच्याच वायरीवर जोडली असेल, तर चावी काढली की घड्याळ आणि बऱ्याच युनिटांची सेटिंगही पुसली जातात. रोज सकाळी नव्यानं जोडावं लागणाऱ्या गाडीचा डॅशबोर्ड उघडून आधी या दोन वायरी पाहाव्यात. तिथे अपडेटचा काही संबंध नसतो.

केबलवर चालणाऱ्या अँड्रॉइड ऑटोची किंवा तेच काम आयफोनसाठी करणाऱ्या कारप्लेची तक्रार असेल तर मी सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी केबल बदलून बघतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. सिग्नलवर मिळणाऱ्या स्वस्त केबलींत कित्येकदा पहिल्या दोनच असतात. अशा केबलवर फोन चार्ज होतो, म्हणून तिच्यावर कुणाला संशय येत नाही. अँड्रॉइड ऑटोसाठी केबल एक मीटरच्या आतली असावी, मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन नको. मग फोनचं चार्जिंगचं भोक बॅटरी लावून पाहावं. खिशातल्या कापडाचे तंतू आत दाबून बसलेले असतात. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं ते हलक्या हातानं काढले की बरेचसे ‘अपडेटचे बिघाड’ तिथेच संपतात.

केबल चांगली असूनही पडद्यावर काही येत नसेल, तर अँड्रॉइडवर यूएसबीचा पर्याय फक्त चार्जिंगवर गेलाय का ते बघावं. आयफोनमध्ये २०१८ साली, आयओएस ११.४.१पासून, एक पहारा आला. तासाभराहून अधिक वेळ लॉक राहिलेला फोन यूएसबीवरून नव्यानं जोडताना अनलॉक करावा लागतो. शिवाय सिरी बंद असेल किंवा मुलांसाठी लावलेल्या स्क्रीन टाइमच्या निर्बंधांत कारप्ले अडकलं असेल, तर गाडीच्या पडद्यावर चित्र उमटतच नाही. पालकांनी मुलांसाठी लावलेली कुलपं पालकांच्याच गाडीला लागलेली मी पाहिली आहेत.

बिनतारी अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले यांची गोम आणखी वेगळी. नाव ब्लूटूथचं होतं, पण ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं. नकाशा, गाणी, आवाज ही सगळी वाहतूक त्यानंतर वायफायवरून होते. त्यामुळे ब्लूटूथ जोडलेलं दिसतं आणि पडदा मात्र ‘कनेक्टिंग’वर फिरत राहतो. अशा वेळी फोनचं वायफाय चालू आहे का, एखादं व्हीपीएन मध्ये आलंय का आणि बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगनं अँड्रॉइड ऑटोला पाठीमागे झोपवलंय का, ते पाहावं. अँड्रॉइड १०पासून अँड्रॉइड ऑटो फोनच्या यंत्रणेचाच भाग झालं, त्याचं चिन्ह स्क्रीनवर शोधून सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन आधी जोडलेल्या गाड्यांची यादी तिथून पुसावी लागते.

जोडणी ठीक, पण आवाज बारीक, गाण्यांची नावं चुकीची किंवा बटणं मुकी, अशा तक्रारींत अँड्रॉइडच्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये दोन कामाच्या गोष्टी सापडतात. फोन आणि गाडी दोघांचा आवाज एकाच पट्टीवर आणणारी ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ ही सोय बंद करून पाहावी. आणि एव्हीआरसीपीची आवृत्ती एक पायरी खाली आणावी. फोन नव्या आवृत्तीत बोलू लागतो, जुन्या स्टिरिओला ते झेपत नाही. आयफोनवर ब्लूटूथच्या यादीत गाडीचा प्रकार ‘कार स्टिरिओ’ निवडलेला आहे ना, एवढं पाहावं. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मधल्या बाकी सेटिंगना मात्र हात लावू नये.

अपडेट मग मुळात टाकावंच कशाला, असं गिऱ्हाईक विचारतं. उत्तर सुरक्षेत आहे. २०१९ साली संशोधकांनी दाखवलं की ब्लूटूथच्या दोन यंत्रांना फसवून त्यांची गुप्त किल्ली अवघ्या एका बाइटची करायला लावता येते, आणि मग ती फोडणं सोपं होतं. त्यानंतर किल्ली किमान सात बाइटची असावी असं ठरलं. फोनांनी अपडेटमधून हे स्वीकारलं. ज्या जुन्या स्टिरिओला तेवढी किल्ली पेलत नाही, त्याला असा फोन नाकारू शकतो. हा फोनचा दोष म्हणता येत नाही.

गाडीच्या बाजूचं सॉफ्टवेअर किती ठिसूळ असतं, याचं अमेरिकेतलं एक उदाहरण आमच्या धंद्यात आवडीनं सांगितलं जातं. तिथे ‘९९% इनव्हिजिबल’ नावाचा एक लोकप्रिय पॉडकास्ट आहे. काही माझदा गाड्यांत तो फोनवरून लावला की सिस्टिम पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू व्हायची. कारण नावातलं टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढचं अक्षर सिस्टिमनं नाव म्हणून वाचण्याऐवजी आज्ञा म्हणून वाचलं. फोन बिघडला नव्हता आणि कार्यक्रमही ठीक होता. नाव वाचणारा प्रोग्राम कच्चा होता, आणि तो गाडीत होता.

म्हणून हे सगळं करूनही गाडी अडली तर पुढचा टप्पा गाडीच्या स्टिरिओचं अपडेट. ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा पेन ड्राइव्हवरून होतं. अनेकांना ते असतं हेच ठाऊक नसतं. तेही नसेल, तर एखाद्या मित्राचा अपडेट न केलेला फोन जोडून बघा. तो चालला तर पुढच्या छोट्या अपडेटची वाट पाहणं शहाणपणाचं, कारण फोन कंपन्या असे दोष बहुधा मागाहून दुरुस्त करतात. कुठलाच फोन जोडला जात नसेल तरच स्टिरिओ बदलायचा विचार करावा. फोन फॅक्टरी रीसेट करणं हा उपाय माझ्या यादीत नाहीच. त्यात गाडी जुळते न जुळते, फोटो आणि चॅट मात्र जातात.

वाचकांना तीन विनंत्या. प्रवासाच्या आदल्या रात्री फोनचं मोठं अपडेट टाकू नका, परत आल्यावर टाका. ही सगळी खटपट गाडी बाजूला उभी करून करा. चालत्या गाडीत हातात फोन धरून सेटिंग शोधणं मोटार वाहन कायद्याच्या १८४व्या कलमाखाली धोकादायक वाहनचालन ठरतं. आणि गाडी विकताना स्टिरिओतून आपला फोन आणि फोनबुक पुसून मगच चावी द्या. सेकंडहँड गाड्यांच्या पडद्यावर आधीच्या मालकाची अख्खी नातीगोती मी पाहिली आहेत.

या दिवाळीत नवी गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये मायलेज आणि सनरूफनंतर आणखी एक प्रश्न विचारा, या पडद्याला सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार आणि ते कोण टाकून देणार? उत्तर लेखी मागा. गिऱ्हाइकं हे विचारू लागल्याशिवाय कंपन्या त्याचं उत्तर तयार ठेवणार नाहीत.