आतितलानच्या काठी सहा चुली

मंडळी, आम्ही दोघे मूळचे वसईचे, मराठी बोलणारे कॅथलिक, हे आता मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. (सुरुवातीला गणपतीच्या आरतीला आम्ही टाळ घेऊन पुढे झालो की नव्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होत.) त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत "चर्चतर्फे मिशन ट्रिपला ग्वाटेमालाला चाललो" असं सांगितल्यावर दोन प्रश्न आले. पहिला, "तिथे सुरक्षित आहे का हो?" आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, "म्हणजे, बाटवायला?"

दुसऱ्या प्रश्नाचं आम्हाला हसू आलं. कारण ज्या गावी जायचं होतं त्या सान्तियागो आतितलानचं देऊळ सोळाव्या शतकातलं. पोर्तुगीजांनी वसईत पाय रोवले १५३४ साली, आणि साधारण त्याच काळात स्पॅनिश फादर या तळ्याकाठी पोचले. म्हणजे ते आणि आम्ही बाटण्याच्या बाबतीत एकाच इयत्तेतले! बाटवायचं कुणी कुणाला?

तरी जायचं कशासाठी, हा प्रश्न उरतोच, आणि तो आमच्या घरातही होता. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, दोन तिकिटांचे पैसे सरळ पाठवून द्यावेत, त्यात तिथलेच गवंडी आपल्यापेक्षा दसपट काम करतील. दुसरीचं म्हणणं, पैसे पाठवून माणसं कळत नाहीत. वाद मिटला नाही. तो सामानात बांधूनच आम्ही निघालो.

ओक्लाहोमाचं आणि या गावाचं नातं जुनं आहे. १९६४ साली आमच्या इथल्या धर्मप्रांताने सान्तियागो आतितलानची जबाबदारी घेतली. १९६८ साली तिथे स्टॅनली रोथर नावाचे तेहेतीस वर्षांचे फादर गेले. हे ओकार्चीचे, म्हणजे आमच्या घरापासून पाऊण तासावरच्या गव्हाच्या गावचे शेतकरी घराण्यातले. सेमिनरीत लॅटिन जमेना म्हणून पहिल्या ठिकाणाहून त्यांना परत पाठवलं होतं. पुढे मेरीलँडमधल्या दुसऱ्या सेमिनरीतून कसेबसे पार पडले. आणि गंमत पाहा, लॅटिनला हरलेला हा माणूस ग्वाटेमालात जाऊन स्पॅनिश शिकला, आणि वर त्सुतुहील शिकला. ग्वाटेमालात मायन कुळातल्या बावीस भाषा आहेत, त्यांतली ही तळ्याच्या दक्षिणेकडच्या काही गावांपुरती. त्यांच्या आधीच्या फादरांनी स्थानिकांना हाताशी धरून तिला लेखी रूप देण्याचं आणि नव्या कराराच्या भाषांतराचं काम सुरू केलं होतं, ते रोथर यांनी पुढे नेलं. लोकांच्या बोलीत 'स्टॅनली'ला जागा नव्हती, म्हणून मधलं नाव 'फ्रान्सिस' घेऊन त्यांनी त्यांना 'पाद्रे आप्लास' केलं.

आम्ही वसईकर इथे थबकतो. आमच्या आजीच्या उमेदीत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. आजीला ती तोंडपाठ होती आणि त्यातला एक शब्द कळत नव्हता. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत मिस्सा आली, तेव्हा वसईत मराठी ऐकू आली आणि तिकडे त्सुतुहील. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रजाने मराठीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, हे आपण शाळेत शिकतो. पण ज्याने आपली भाषा शिकायचा त्रास घेतला, त्याला लोक वेगळ्या खात्यात लिहितात, हे आम्हाला आतितलानला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

आता प्रवास. ह्यूस्टनहून ग्वाटेमाला सिटी तीन तासांच्या आत. तिथून डोंगरातून साडेतीन-चार तास मोटारीने पानाहाचेल, आणि मग लांचा नावाच्या लांबट मोटरबोटीने तळं ओलांडायचं. तळं सुमारे १,५६० मीटर उंचीवर आहे. हजारो वर्षांपूर्वी प्रचंड ज्वालामुखी फुटून पडलेल्या खड्ड्यात पाणी साठलं ते हे. पलीकडे सान पेद्रो, तोलिमान आणि आतितलान असे तीन ज्वालामुखी. सकाळी पाणी ताटासारखं असतं. दुपारी 'शोकोमील' नावाचा वारा सुटतो आणि मग लांचा अशी आपटते की म्हातारी माणसं सगळे संत आठवतात. आम्ही तरुणपणीच आठवले.

गावात पाऊल टाकल्यावर जे पहिलं नजरेत भरलं ते वृद्ध बायकांच्या डोक्यावरचं. कित्येक वार लांब लाल पट्टी डोक्याभोवती गुंडाळून तिची ताटली करायची! तिथल्या पंचवीस सेंताव्होच्या नाण्यावर याच गावच्या बाईचा असा मुखडा आहे. आता तरुण मुली ती रोज घालत नाहीत. आमच्या आजीचं लाल लुगडंही असंच आता लग्नसमारंभापुरतं उरलं आहे. आमच्या लेकीला आम्ही तिथून नाणं आणलं, लुगडं मात्र अजून द्यायचं आहे.

देवळात भिंतीकडेने संतांच्या लाकडी मूर्ती उभ्या, सगळ्यांना रंगीत कापडं नेसवलेली. मुख्य वेदीमागच्या कोरीव कामाची दुरुस्ती १९७६ ते १९८१ मध्ये गावच्याच दोघा भावांनी केली. त्यांनी त्यात पवित्र डोंगर चढणारी आपली माणसं कोरली. बाहेर पडून दोन गल्ल्या गेलं की माशिमोनचं घर. हा लाकडी देव, गळ्यात रुमालांचा ढीग, तोंडात चिरूट. दर वर्षी तो वेगळ्या मानकऱ्याकडे मुक्कामाला असतो. आमच्या गटातल्या अमेरिकन बाई गोंधळल्या, "हे ख्रिस्ती की काय?" आम्हाला काही गोंधळ वाटला नाही. वेशीवरच्या देवाला न दुखावता पुढे जायची सवय आपल्या हाडात आहे. शिवाय गावात इव्हँजेलिकल मंडळींची चर्चेस बरीच. त्यांचे लाउडस्पीकर रात्री सुरू झाले तेव्हा आम्हाला थेट भाद्रपदातल्या मुंबईत असल्यासारखं वाटलं.

आमचं काम होतं चुली बांधणं. बहुतेक घरांत तीन दगडांची चूल, पत्र्याच्या खोलीत, धूर कोंडलेला. आपल्याकडच्या धूरविरहित चुलींची आठवण असेल त्यांना कल्पना येईल: खाली सिमेंटच्या विटांचा कट्टा, आत भट्टीच्या विटा, वर जाड लोखंडी पत्रा आणि छपराबाहेर जाणारं धुराडं. बांधणारा खरा तिथला गवंडी. त्याला सगळे 'मायेस्त्रो' म्हणत. आम्ही ऐकलं 'मेस्त्री', आणि तसंच हाकारलं, तर तो ओ देई! आपला मेस्त्री पोर्तुगीजातून आलेला, तो याचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या हाताखाली आम्ही बारा जण विटा वाहत होतो. तो काम सुरू करण्याआधी घरच्या बाईला उभी करायचा, कोपर वाकवायला लावायचा, आणि भिंतीवर खडूची रेघ मारायचा. कट्टा तेवढाच उंच. आमच्या गटातल्या एका इंजिनिअरने सगळ्या चुली एकाच मापाच्या केल्या तर वेळ वाचेल असं सुचवलं. मेस्त्रींनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुढच्या घरी पुन्हा खडू काढला.

आठवड्यात सहा चुली झाल्या. मेस्त्री आणि त्याचा पुतण्या दोघेच असते तरी सहा झाल्या असत्या, कदाचित सात. पहिलं म्हणणं मांडणाऱ्याने हे बोलून दाखवलं, आणि ते खरंच होतं.

चौथ्या चुलीच्या घरी आजीबाईंनी आम्हाला थांबवून घेतलं. मका चुन्याच्या पाण्यात उकडून, धुऊन, वाटून ठेवलेला. तळहातावर थापट्यांचा तोच आवाज, जो आमच्या घरी तांदळाच्या भाकरीचा. आमच्यातल्या सुगरणीला राहवेना, तिने पीठ मागून घेतलं आणि भाकरी थापली. आजीबाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि काहीतरी म्हणाल्या. त्सुतुहीलचं नातीने स्पॅनिश केलं, स्पॅनिशचं आमच्या दुभाष्याने इंग्रजी केलं, आणि तीन भाषा ओलांडून आमच्यापर्यंत पोचलं ते एवढंच: "फार मोठी आहे, पण भूक लागलेल्याला चालेल." मग त्यांनी विचारलं, तुमच्या आईला भाकरी कोण करून घालतं? त्याचं उत्तर आम्हाला तिन्ही भाषांत देता आलं नाही.

त्यांनी 'पाद्रे आप्लास'ना पाहिलेलं होतं. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी चालली. दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली, बहुतेक मायन. शिकवणारे, शेतकऱ्यांना एकत्र आणणारे रात्रीतून उचलले जात. रोथर यांचं नाव मारायच्या यादीत आलं तेव्हा जानेवारी १९८१ मध्ये ते ओक्लाहोमाला परत आले, आणि त्याच एप्रिलमध्ये पवित्र सप्ताहासाठी पुन्हा गावी गेले. २८ जुलैच्या रात्री त्यांना राहत्या घरात गोळ्या घातल्या. देह ओकार्चीला नेला, पण गावाने हट्ट धरला म्हणून हृदय तिथेच देवळात ठेवलं. ती खोली आम्ही पाहिली. तिथे कुणी काही बोललं नाही, आणि आम्हीही इथे जास्त लिहीत नाही.

गाव मात्र तिथेच थांबलं नाही. २ डिसेंबर १९९० रोजी नि:शस्त्र जमावावर सैन्याने गोळीबार केला, चौदा जण गेले, आणि त्यानंतर गावाने सैन्याची छावणीच हलवायला लावली. ऑक्टोबर २००५ मध्ये स्टॅन वादळात शेजारच्या पानाबाख वस्तीवर डोंगर घसरून शेकडो लोक गाडले गेले. आजीबाईंच्या घरचे दोघे त्यात होते. हे त्यांनी पत्र्यावर भाकरी उलटता उलटता सांगितलं.

परतल्यावर वाद संपला असं नाही. या वर्षी पुन्हा नावनोंदणीचा कागद लागला आहे. एकाने चुलींचे पैसे पाठवले, दुसरी मंगळवारी संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जाते. त्सुतुहीलचा वर्ग ओक्लाहोमात सापडला नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: फेब्रुवारीत पाऊस नसतो पण रात्री स्वेटर लागतो, आणि लांचा सकाळचीच धरा. आणि तेवढं लांब जमणार नसेल तर २०२३ साली ओक्लाहोमा सिटीत रोथर यांच्या नावाचं मोठं तीर्थस्थान उघडलं आहे. त्या बाजूने जाणं झालं तर आधी फोन करा. तांदळाची भाकरी आमच्याकडे, आकार जरा मोठा असेल.