तुक्का

ठाऊक नसलेल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने ठोकून देण्यास विद्यार्थी ‘तुक्का मारणे’ म्हणतात. वडीलधाऱ्यांच्या कानांस हा शब्द जुगाराच्या जातीचा वाटतो. आणि चुकीस गुण कापतात असे कळले, की त्यांचा उपदेश ठरलेलाच असतो: ‘येत नाही ते सोडून द्यावे.’ वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या पुतणीस हा उपदेश पटेना. तेव्हा आम्ही तिच्यासाठी हिशेबच मांडला.

‘नीट’ परीक्षेत चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडल्यास 4 गुण मिळतात, चुकल्यास 1 जातो. डोळे मिटून 12 प्रश्नांवर खुणा केल्या, तर सरासरीने 3 बरोबर यावेत: 12 गुण आले, 9 गेले, 3 पदरात पडले. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीबद्दल प्रश्नाच्या गुणांचा एकतृतीयांश कापतात. तेथे हाच हिशेब शून्यावर येतो. मात्र एक पर्याय खात्रीने खोडता आला, की तेथेही पारडे उमेदवाराकडे झुकते. म्हणजे सोडून देण्यात सदैव शहाणपण असते, हे काही खरे नाही.

पण सरासरी परीक्षेस बसत नसते. बसते ती पुतणी. ‘नीट’मधील त्याच 12 आंधळ्या खुणांत 2 किंवा त्याहून कमी बरोबर येऊन उलट तोटा होण्याचा संभव शेकडा 39 आहे. ज्या घरी एकेका गुणावर वर्षाची उमेद टांगलेली असते, तेथे हा आकडा लहान म्हणवत नाही.

आम्हांस वाटते, ज्ञान आणि अज्ञान यांच्यामध्ये अर्धवट माहितीचा मोठा मुलूख पसरलेला आहे. दोन पर्याय खोडून उरलेल्या दोहोंतून एक निवडणारा विद्यार्थी जुगारी नव्हे. आपल्या तुटपुंज्या भांडवलावर तो प्रामाणिक व्यापार करीत असतो. भिडस्तपणाने असा प्रश्न कोरा ठेवणारा आपलीच मिळकत सोडून देतो.

वैद्यही शेवटी एकेक रोग खोडीतच निदानापर्यंत पोहोचतो. फरक इतकाच, की तेथे चुकीचे गुण रोग्याच्या खात्यातून कापले जातात. म्हणून अंदाज करावा, पण हे आपण जाणतो आणि हे आपण ताडले, ही नोंद मनाशी चोख ठेवावी. ती सवय उत्तरपत्रिका देऊन टाकल्यावरच खरी कामास येते.